दोन लाखांचं कार्ड आणि दोन सेंटिमीटरचा प्लग

बाथरूममधला गीझर आठवा. तीन किलोवॉटचा असेल तर इलेक्ट्रिशियन त्याला साधा पॉइंट देत नाही. वेगळी जाड वायर ओढतो, मोठ्या पिनांचा १६ अँपचा सॉकेट बसवतो आणि जाताना बजावतो, "ह्यावर एक्स्टेंशन लावू नका हं." त्या वायरीतून वाहणारा प्रवाह असतो साधारण १३ अँपिअर.

आता एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्रं तयार करणारा भाग, घ्या. पूर्ण ताकदीने काम करताना ते ५७५ वॉट वीज खातं, म्हणजे गीझरच्या पाचव्या हिश्शाएवढी. पण ही वीज कार्डाला २३० व्होल्टने मिळत नाही, १२ व्होल्टने मिळते. व्होल्टेज कमी असलं की तेवढीच वीज पोचवायला प्रवाह जास्त लागतो. ५७५ भागिले १२ करा, उत्तर येतं जवळपास ४८ अँपिअर. साडेतीनहून जास्त गीझरांचा प्रवाह, आणि तो जवळजवळ सगळा जातो जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीच्या एका प्लास्टिकच्या प्लगमधून. गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो. ॲनिमेशनचं रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने एकेक चित्र तयार करणं, रात्रभर चालतं.

हा हिशेब मी कागदावर मांडला तो माझ्या भाच्यासाठी. तो सांगलीत असतो, थ्रीडी ॲनिमेशनची कामं घेतो. दोन वर्षं पैसे साठवून त्याने ५०९० घ्यायचं ठरवलं आणि मला पुण्याला फोन केला. "मामा, घेऊ का नको? पोरं म्हणत्यात वायर जळतीय."

मी कॉम्प्युटर जुळवणी आणि दुरुस्तीच्या धंद्यात आहे. असे जळालेले प्लग मी हातात घेऊन पाहिले आहेत. कडेची एक-दोन भोकं तपकिरी झालेली, प्लास्टिक फुगून पिनेला चिकटलेलं, आणि बाकीची भोकं मात्र काल दुकानातून आणल्यासारखी स्वच्छ. भारतात ह्या कार्डाची जाहीर झालेली किंमतच २,१४,००० रुपयांपासून सुरू होती, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच मोजावे लागतात. एवढे पैसे घालणाऱ्या माणसाला आतली गोष्ट नीट कळलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. म्हणून फोनवर त्याला जे सांगितलं आणि पुढे सांगलीला जाऊन त्याच्यासोबत जे केलं, ते इथे लिहितोय.

जुना प्लग हात राखून बनवला होता

दहा वर्षांपूर्वीचं कोणतंही चांगलं कार्ड उघडून बघा, त्यावर आठ पिनांचा प्लग दिसेल. त्याला १५० वॉटची मर्यादा आहे. त्यात १२ व्होल्ट आणणाऱ्या वायरी तीन. म्हणजे प्रत्येक पिनेच्या वाट्याला चार अँपिअरच्या थोडं वर येतं. पिनेची ताकद मात्र त्याच्या जवळपास दुप्पट. हा जो वरचा भाग आहे, तोच खरा जीव वाचवणारा. प्लग थोडा सैल बसला, पिनेवर धूळ बसली, वायर कोपऱ्यात दुमडली गेली, तरी काही होत नसे. अर्धवट बसलेल्या प्लगवर वर्षानुवर्षं चाललेली कार्डं मी स्वतः काढली आहेत.

पण कार्डांची भूक वाढत गेली. ६०० वॉट द्यायचे तर जुन्या हिशेबाने असे चार प्लग लागणार. कॅबिनेटमध्ये वायरींचं जंगल आणि कार्डावर सॉकेटना जागा नाही. म्हणून २०२२ मध्ये एटीएक्स ३.० ह्या पॉवर सप्लायच्या (भिंतीवरची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याच्या) नव्या नियमावलीसोबत सोळा पिनांचा प्लग आला. त्याचं अधिकृत नाव १२व्हीएचपीडब्ल्यूआर. बारा मोठ्या पिना, त्यातल्या सहा वीज आणणाऱ्या आणि सहा परत नेणाऱ्या. आणि वर चार बारीक पिना, ज्यांचं काम फक्त निरोप देण्याचं. पॉवर सप्लाय किती वॉट द्यायला तयार आहे, हे त्या पिना कार्डाला सांगतात. जुन्या प्लगमध्ये दोन पिनांमधलं अंतर ४.२ मिलिमीटर होतं, नव्यात ते ३ मिलिमीटर झालं. आकार लहान, काम चौपट.

आता तोच भागाकार नव्या प्लगसाठी करा. ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटले तर प्रत्येकी ८.३ अँपिअर. आणि पिनेची ताकद साधारण साडेनऊ. जुन्या प्लगमध्ये हात राखून ठेवलेला भाग जवळपास शंभर टक्के होता, नव्यात तो दहा-पंधरा टक्क्यांवर आला. पुढे जे जे घडलं ते ह्या एका आकड्यातून घडलं.

आरटीएक्स ४०९० हे ५०९० च्या आधीचं कार्ड १२ ऑक्टोबर २०२२ ला विक्रीला आलं. महिना संपायच्या आत वितळलेल्या प्लगचे फोटो फिरू लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने सांगितलं की जगभरातून सुमारे ५० प्रकरणं समोर आली आहेत आणि प्लग पूर्ण न बसणं हे त्यातलं मुख्य कारण दिसतं. हे खोटं नव्हतं. तपासणाऱ्यांनाही अर्धवट बसलेले प्लग सापडले. पण माझ्या मते ही अर्धीच गोष्ट आहे. प्लग एक-दोन मिलिमीटर बाहेर राहिला म्हणून दीड लाखाचं कार्ड वितळत असेल, तर दोष फक्त बसवणाऱ्या हाताचा कसा? माणसाचा हात चुकणार हे धरूनच वस्तू बनवायची असते.

ह्याच काळात वायर कॅबिनेटच्या काचेला टेकू नये म्हणून काटकोनात वळणारे छोटे ॲडॅप्टर लोकप्रिय झाले. एक जोड वाढला की सैल होण्याची आणखी एक जागा वाढते. केबलमॉड कंपनीच्या अशा ॲडॅप्टरची अधिकृत परतबोलावणी फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जाहीर केली. सुमारे २५,३०० नग, आणि सैल होणं, तापणं, वितळणं अशा २७२ तक्रारी. जुन्या साठ्यातले असे ॲडॅप्टर आजही कुणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका.

सहा भोई आणि एक पालखी

आता मुख्य मुद्दा. सहा वायरींत प्रवाह सारखा वाटला जातो असं आपण वर धरलं. तो तसा वाटला जाईलच ह्याची कुणी हमी घेतलेली नाही.

सहा भोयांनी पालखी उचलली आहे असं समजा. सगळ्यांची उंची सारखी, खांदे सारखे, तर भार सारखा. त्यातल्या तिघांनी खांदा जरासा खाली घेतला तर पालखी पडत नाही. ती उरलेल्या तिघांच्या खांद्यावर येते, आणि आत बसलेल्याला काहीच कळत नाही. प्लगमध्ये हेच होतं. ज्या पिनेचा स्पर्श थोडा कच्चा, तिथे अडथळा वाढतो, तिच्यातून प्रवाह कमी जातो, आणि तो सगळा चांगला स्पर्श असलेल्या पिनांवर येतो. म्हणजे जळते ती बऱ्याचदा सगळ्यांत नीट बसलेली पिन. मी वर सांगितलेली ती एक-दोन तपकिरी भोकं आणि बाकीची स्वच्छ, त्याचा अर्थ हा.

त्यातून उष्णतेचा हिशेब सरळ रेषेत वाढत नाही. पिनेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ८ अँपिअरच्या जागी २० अँपिअर गेले तर प्रवाह अडीचपट, पण उष्णता सव्वासहा पट. तापलं की पिनेची स्प्रिंग ढिली पडते, स्पर्श आणखी कच्चा होतो, आणि भार पुन्हा दुसऱ्या पिनेवर सरकतो.

जुन्या आरटीएक्स ३०९० टीआयवरही सोळा पिनांचाच सॉकेट होता. पण त्या कार्डात सहा वायरींचे दोन-दोनचे तीन गट केले होते आणि प्रत्येक गटाचा प्रवाह कार्ड वेगळा मोजत असे. भोयांवर लक्ष ठेवणारा मुकादम होता म्हणा. ४०९० पासून सहाही वायरी कार्डावर शिरल्या शिरल्या एकत्र जोडल्या गेल्या. बहुतेक कार्डांना एकूण प्रवाह कळतो, कुठल्या वायरीतून किती येतोय ते कळत नाही. चार वायरी तुटल्या आणि दोनच उरल्या तरी कार्ड आपलं पूर्ण वीज मागतच राहील. हा मुकादम काढून टाकला, ह्याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. दोन लाखांच्या वस्तूत त्याचा खर्च असून असून किती असणार?

२०२३ मध्ये प्लगची सुधारित आवृत्ती आली, १२व्ही-२×६. त्यात निरोप देणाऱ्या चार बारीक पिना आखूड केल्या आणि मोठ्या पिना किंचित लांब. म्हणजे प्लग पूर्ण बसला नसेल तर बारीक पिनांचा स्पर्शच होत नाही, निरोप पोचत नाही आणि कार्ड त्या प्लगमधून वीज घेत नाही. चांगली सुधारणा आहे. हा बदल सॉकेटमध्ये आहे, केबलमध्ये नाही. जुन्या सॉकेटवर एच+ अशी खूण असते आणि नव्यावर एच++. टॉर्च मारून बघितली की दिसते.

मात्र ह्या सुधारणेने अर्धवट बसण्याचा प्रश्न बराचसा सुटला, असमान वाटपाचा नाही. ५०९० हे कार्ड ३० जानेवारी २०२५ ला बाजारात आलं आणि फेब्रुवारीतच वितळलेल्या प्लगच्या बातम्या पुन्हा आल्या. डेअरबाउअर ह्या नावाने ओळखले जाणारे जर्मन तज्ज्ञ रोमान हार्टुंग यांनी आपल्याकडच्या कार्डावर एकेक वायर मोजली. एका वायरीतून २० अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जात होता, आणि पॉवर सप्लायकडच्या टोकाला तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं होतं. कार्ड व्यवस्थित चालत होतं. स्क्रीनवर काहीही वेगळं दिसत नव्हतं.

एवढं वाचून घाबरून जाऊ नका. बहुसंख्य कार्डं नीट चालताहेत. पण जुन्या प्लगमध्ये जी काळजी बनवणाऱ्याने घेतली होती, ती आता वापरणाऱ्याला घ्यावी लागते, आणि हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

एसएमपीएसवर हात आखडू नका

आपल्याकडे दुकानात पॉवर सप्लायला एसएमपीएस म्हणतात. कार्डावर दोन लाख घालणारा माणूस एसएमपीएस घेताना दोन हजार वाचवायला बघतो, हे मी नेहमी पाहतो. ४०९० साठी एनव्हिडियाने ८५० वॉटचा आणि ५०९० साठी १,००० वॉटचा एसएमपीएस सुचवला आहे. नुसते वॉट बघू नका, त्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं हवं. ही कार्डं क्षणभरासाठी नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात. नव्या नियमावलीत असा झटका सोसण्याची अट आहे. शिवाय त्यात सोळा पिनांची केबल मुळातच येते, म्हणजे तीन-चार जुन्या केबली जोडणारा ॲडॅप्टर लागत नाही. एक जोड कमी.

एक गोष्ट मात्र जिवाच्या कराराने पाळा. एका कंपनीच्या एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या भोकात काय हे प्रत्येक कंपनी आपलं आपलं ठरवते. प्लग बसतो, बटण दाबलं की कार्ड, हार्ड डिस्क, जे सापडेल ते जातं. जुना एसएमपीएस काढून नवा लावताना "केबली आहेतच की आत, कशाला उपसायच्या" असं म्हणून लोक हीच चूक करतात.

पार्सल दारात येतं तेव्हा

भाच्याचं पहिलं पार्सल आलं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होतो. ऑनलाइन मागवलं होतं. कुणाकडून ते सांगत नाही, कारण मुद्दा तो नाही. डिलिव्हरीवाला मुलगा घाईत होता. "दादा, ओटीपी सांगा, अजून वीस पार्सलं हाईत." खोक्याची टेप एका कडेला दुहेरी दिसत होती, वरची चकचकीत आणि खालची मळकी. मी भाच्याला म्हटलं, ओटीपी देऊ नकोस, आधी वजन कर. खालच्या किराणा दुकानातला काटा त्याने वर आणला. २ किलो ३०० ग्रॅम. त्या मॉडेलचं नुसतं कार्डच कंपनीच्या माहितीनुसार ह्याहून जड होतं, खोकं आणि ॲडॅप्टर वेगळेच. पार्सल न उघडता परत पाठवलं, काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवला. पैसे परत यायला तीन आठवडे लागले, पण आले. ओटीपी दिला असता तर "माल मिळाला" ही नोंद झाली असती आणि पुढचं सगळं त्याला सिद्ध करत बसावं लागलं असतं. त्या मुलाची ह्यात काही चूक नव्हती, त्याच्या हातात खोकं सीलबंदच आलं होतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथल्या एका मोठ्या दुकानात ५०९० ची सीलबंद खोकी उघडली, तर आत कार्डाऐवजी पाठीवरच्या सॅक निघाल्या. एकदोन नव्हे, तीसच्या वर खोकी. माल दुकानात पोचण्याआधीच कुठेतरी बदलला गेला होता.

म्हणून ऑर्डर देण्याआधीच दोन-तीन गोष्टी बघा. वेबसाइट मोठी असली तरी प्रत्यक्ष विकणारा कोण ते खाली बारीक अक्षरात असतं, ते वाचा. कार्डाची वॉरंटी भारतात चालेल का, हे विचारा. ती बहुतेक वेळा सिरीयल नंबरवरून ठरते, आणि बाहेरच्या देशातून आणलेलं कार्ड इथलं सर्व्हिस सेंटर नाकारू शकतं. दुबईहून येणाऱ्या मित्राकडून मागवताना वाचणारे पैसे आणि गमावलेली वॉरंटी ह्यांचा हिशेब आधी करा. बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर छापून मागा. दारात उघडून दाखवण्याची सोय, म्हणजे ओपन बॉक्स डिलिव्हरी, मिळत असेल तर तीच निवडा.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा, पण मध्ये कुठेही न थांबवता. पार्सलवरचा पत्त्याचा कागद, सहाही बाजू, टेप, सील, मग आतलं खोकं, त्यावरचा सिरीयल नंबर, आणि शेवटी कार्डावरचा. बिल, खोकं आणि कार्ड, तिन्हीकडचा नंबर एकच असला पाहिजे. दोन हात कमी पडतात, म्हणून फोन कुणाच्या तरी हातात द्या. भाच्याच्या दुसऱ्या पार्सलच्या वेळी माझ्या बहिणीने फोन धरला होता, आणि तिने एकेक आकडा मोठ्याने वाचून व्हिडिओत बोलून ठेवला. मला ते फार आवडलं. आता मी गिऱ्हाइकांनाही तसंच सांगतो.

जमत असेल तर मुंबईला लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या शहरातल्या ओळखीच्या दुकानात जाऊन घ्या. चार पैसे जास्त जातील, पण खोकं तुमच्यासमोर उघडतं आणि कार्ड तुमच्यासमोर चालू होतं. पूर्ण जुळवलेला कॉम्प्युटर कुरिअरने मागवत असाल, तर कार्ड काढून वेगळ्या खोक्यात पाठवायला सांगा. दोन-अडीच किलोचं कार्ड एका स्लॉटवर लोंबकळत सांगली-कोल्हापूरच्या रस्त्याने आलं, तर एखाद्या खड्ड्यात स्लॉटजवळची पट्टी तडकते. ती तडक डोळ्यांना दिसत नाही, आणि वॉरंटीत बसत नाही.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. विकणारा दिल्लीचा असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तिथे तो न थांबवलेला व्हिडिओ आणि काट्याचा फोटो उपयोगी पडतो.

प्लग बसवताना

दुसरं कार्ड नीट आलं. मी शनिवारी सांगलीला गेलो. भाच्याने सकाळीच कार्ड बसवून ठेवलं होतं. मला म्हणाला, "बसलंय की मामा, आवाज पण आला."

मी टॉर्च घेतला आणि बाजूने बघितलं. प्लगची कड आणि सॉकेटची कड ह्यांच्यामध्ये एक काळी रेघ दिसत होती, नखाच्या जाडीएवढी. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. त्याला म्हटलं, तू बघ. त्याने वाकून बघितलं आणि काही बोलला नाही. मग कार्ड बाहेर काढून टेबलावर ठेवलं, मागून एका हाताने आधार दिला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने प्लगच्या दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला. चांगलाच जोर लागतो, कार्ड मोडेल की काय असं वाटावं इतका. ती रेघ नाहीशी झाली. सकाळी त्याला जो आवाज आला होता तो खटक्याचा होता. पण खटका अडकला म्हणजे प्लग सरळ बसला असं नाही. आवाजावर विसंबू नका, डोळ्यांनी बघा.

कॅबिनेटच्या आत अडचणीत प्लग बसवण्यापेक्षा आधी कार्ड टेबलावर ठेवून बसवणं सोपं, निदान एकदा तरी तसं करून बघावं. प्लगमधून बाहेर आल्यावर निदान साडेतीन सेंटिमीटर वायर सरळ गेली पाहिजे, त्याच्या आत वाकवायची नाही. त्यामुळे कॅबिनेट घेतानाच मोजपट्टी लावा: कार्डाची उंची, अधिक प्लग, अधिक हे साडेतीन सेंटिमीटर. बाजूची काच लावताना वायर दाबली जात असेल तर ते कॅबिनेट तुमच्या कार्डासाठी नाही, कितीही सुंदर असलं तरी. आणि कार्डाच्या टोकाखाली टेकू द्या.

एकदा खात्रीने बसवल्यावर पुन्हा पुन्हा काढून बघू नका. हा प्लग ३० वेळा काढ-घाल करण्याच्या हिशेबाने बनवलेला आहे. काळजीपोटी दर आठवड्याला प्लग उपसून बघणारे एक गिऱ्हाईक माझ्याकडे होते. त्यांची काळजी मला समजते, पण त्याने पिनांची पकड सैल होत जाते.

मोजायचं असेल तर न काढता मोजा. इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प मीटर इथे चालत नाही, कारण बहुतेक स्वस्त मीटर घरातला एसी प्रवाहच मोजतात. कार्डाकडे जाणारा प्रवाह डीसी असतो, तो मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. एकेका वायरीभोवती तो लावून कार्डावर भार असताना आकडा बघायचा. सहाही वायरींत सात-आठच्या आसपास दिसलं तर उत्तम. एकीत तीन आणि एकीत चौदा दिसलं तर कॉम्प्युटर बंद करून केबल बदलायची. भाच्याकडे सहा ते नऊच्या दरम्यान आकडे आले. नऊवाली वायर मला फारशी आवडली नाही.

म्हणून आम्ही कार्डाची वीजमर्यादा कमी केली. हा उपाय फुकट आहे आणि फार थोडे लोक करतात. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट नावाची पट्टी असते, ती ८० टक्क्यांवर आणायची. ५७५ चे ४६० वॉट होतात, प्रत्येक वायरीच्या वाट्याचे सरासरी ८ अँपिअर साडेसहाच्या खाली येतात, आणि वर्गाच्या हिशेबाने प्लगमधली उष्णता एक तृतीयांशाहून जास्त घटते. काम मात्र वीस टक्क्यांनी मंद होत नाही, त्याहून बरंच कमी फरक पडतो. रात्रभर रेंडर लावून झोपणाऱ्या माणसाने ही पट्टी खाली ओढलीच पाहिजे. विजेचं बिल उतरतं ते वेगळं.

पहिल्या आठवड्यात कार्डाकडून भरपूर काम करून घ्या, कारण बदलून देण्याची मुदत तेवढीच असते. जीपीयू-झेड हा छोटा फुकट प्रोग्रॅम चालवून त्यातला आरओपी हा आकडाही (चित्राचं शेवटचं काम करणारे कार्डातले भाग किती, ते) बघून ठेवा. २०२५ च्या सुरुवातीला काही ५०९० कार्डांत १७६ च्या जागी १६८ निघाले होते, आणि एनव्हिडियाने ती चूक मान्य करून कार्डं बदलून घ्यायला सांगितलं होतं.

आणि कधी जळका वास आला, स्क्रीन काळी होऊन पंखे जोरात फिरू लागले, किंवा वायर हाताला चटका देण्याइतकी गरम लागली, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग लगेच ओढू नका. गरम असताना प्लास्टिक मऊ असतं, ओढलं की पिन सॉकेटमध्येच अडकून राहते. अर्धा तास थांबा. प्लग जागेवर असताना चारी बाजूंनी फोटो काढा, मग खटका दाबून काढा आणि दोन्ही टोकांचे फोटो घ्या. एसएमपीएसकडचं टोकही बघा, कित्येकदा तेच जास्त जळालेलं असतं. जळलेला भाग घासायचा नाही, कापायचा नाही, पिना सरळ करायच्या नाहीत. दावा करताना कार्ड, केबल आणि एसएमपीएस तिन्ही एकत्र दाखवा, आणि सर्व्हिस सेंटरने फक्त कार्ड ठेवून घेतलं तर केबल घरी जपून ठेवा.